आत कोणी राहायला नको

पाचवी 'ब'च्या हजेरीपटात सेहेचाळीस मुली होत्या आणि बहनजी सत्तेचाळीस नावं घ्यायच्या. शेवटची हेमलता "उपस्थित" म्हणून खाली बसली, की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या, दाराकडे बघायच्या आणि घरातल्या माणसाला मारावी तशी हाक मारायच्या, "शकुंतला!" मग श्वासभर थांबायच्या, पेनाला टोपण लावायच्या आणि फळ्याकडे वळायच्या. वर्गात शकुंतला नावाची मुलगी नव्हती. शाळेतही नव्हती, मी ऑफिसात जाऊन रजिस्टर पाहिलं होतं.

मला पहिल्याच आठवड्यात मुलींनी समज दिली. "मॅडम, उस खिडकी वाली बेंच पे मत बैठना. वहाँ शकुंतला बैठती है." भूत म्हणायचं धाडस कोणी केलं नाही, पण त्या बाकावर कोणी बसतही नव्हतं. मी विज्ञानाची शिक्षिका, त्यामुळे मुद्दाम जाऊन बसले. काही झालं नाही, पण तासभर माझं लक्ष काही वर्गात नव्हतं हे कबूल करते.

मी तेव्हा लग्न होऊन कोल्हापूरहून उज्जैनला आले होते. नवरा बँकेत, नानाखेड्याला भाड्याच्या दोन खोल्या, आणि या मुलींच्या शाळेत तात्पुरती नेमणूक. घरोघर केबलच्या तारा लोंबायला लागल्या होत्या, नाक्यानाक्यावर एसटीडीचे बूथ उभे राहत होते आणि गावातले मिलचे भोंगे एकेक करून गप्प झाले होते. शिक्षिकांनाही आता 'मॅडम' म्हणायची पद्धत पडली होती. मुख्याध्यापिका बडी मॅडम, मी छोटी मॅडम. जुन्या काळातल्या 'बहनजी' या एकट्याच उरल्या होत्या.

उंची पाच फुटांच्या आत. सुती साडी आणि तिच्याखाली पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात शिट्टी, सुतळी, हळदीची पूड, साखरेची पुडी, फुटपट्टी आणि संत्र्याच्या गोळ्या. त्यांचं घराणं शिंदेशाहीत दप्तर सांभाळायला म्हणून माळव्यात आलं ते इथलंच झालं. त्यांचं मराठी ऐकून मला सुरुवातीला हसू आवरायचं नाही. "अगं, तू फालतू परेशान होतेस. मी आहे न!" असं त्या म्हणायच्या आणि मला हाक मारायच्या 'सूनबाई'. माझ्या सासरशी त्यांची ओळखसुद्धा नव्हती. पण उज्जैनात लग्न होऊन आलेली प्रत्येक बाई ही गावाची सून, असा त्यांचा हिशेब होता.

मुलींना घेऊन रस्त्याने जाताना वाटेत उघडं गटार दिसलं, की त्या सगळी रांग थांबवायच्या. मुलींनी एकेक करून पुढे यायचं, गटार नीट बघायचं आणि मगच पुढे जायचं. मागे सायकली, टेंपो, म्हशी तुंबायच्या. बहनजी ढिम्म. "खड्ड्याशी ओळख करून घ्यायची असते सूनबाई. ओळखीचा खड्डा काही करत नाही." मी मनात म्हणायची, बाई, तुम्ही भूगोल शिकवता की खड्डेशास्त्र?

सिंहस्थाच्या वेळी शिक्षकांना ड्यूट्या लागतात आणि सगळे त्या चुकवायच्या मागे असतात. मी यायच्या आधीच्या मेळ्यात बहनजींनी स्वतः अर्ज करून राम घाटाजवळच्या खोया-पाया केंद्राची, म्हणजे हरवलेल्यांची घरच्यांशी गाठ घालून द्यायची, ड्यूटी मागून घेतली होती. बाकीचे लाउडस्पीकरवरून सांगायचे, "लाल साडी पहनी हुई एक महिला." बहनजी भडकायच्या. लाल साडीच्या लाख बाया आहेत म्हणायच्या, नाव विचारा, गाव विचारा, सकाळी काय खाल्लं ते विचारा. एका म्हाताऱ्याला फक्त एवढंच आठवत होतं, की आमच्या पंड्याच्या, म्हणजे तीर्थावरच्या भटजीच्या, झेंड्यावर मासा आहे. बहनजी त्याचा हात धरून घाटभर तो मासा शोधत फिरल्या. तिथून त्या दोन गोष्टी शिकून आल्या. एक, झेंडा हवा आणि त्यावर चित्र हवं. दुसरी, खेड्यातली माणसं स्वतःला मोजत बसत नाहीत, प्रत्येक जण पुढच्याचा पदर धरून चालतो.

सहलीचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते एका निबंधामुळे. विषय 'मेरे पिताजी'. मीना नावाच्या मुलीने एकच ओळ लिहिली होती: 'मेरे पिताजी कुछ नहीं करते.' बहनजींनी ती वही माझ्यासमोर धरली आणि खिडकीकडे बोट केलं. खिडकीतून बंद मिलचं धुराडं दिसायचं. "हिच्या बापाने तिथला बॉयलर चालवला आहे. सगळी मिल त्याच्या वाफेवर चालायची. आणि ही लिहिते, कुछ नहीं करते!" वर्गातल्या निम्म्या मुली मिलच्या चाळीतल्याच होत्या. मिल विकायला काढली होती. भंगारवाले फाटकापाशी चकरा मारत होते. एकदा तुटली की दाखवायला काय उरणार? बहनजी एप्रिलमध्ये रिटायर होणार होत्या. त्याआधी जानेवारीत पाचवी 'ब'ला मिल दाखवायची असं त्यांनी ठरवलं.

बडी मॅडम वाईट नव्हत्या, घाबरट होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, "लिखकर दीजिए कि कुछ नहीं होगा."

दुसऱ्या दिवशी बहनजींनी नऊ पानं लिहून आणली. वर शीर्षक होतं, 'क्या-क्या हो सकता है'. खाली दोन रकाने: काय होऊ शकतं, आणि तिथे कोण उभं राहील. बडी मॅडमनी पानं चाळली, त्यांचा चेहरा कसानुसा झाला. "मैंने कहा था लिखिए कि कुछ नहीं होगा."

"वो तो मैं नहीं लिख सकती, मॅडम. झूठ हो जाएगा."

"देखिए, एक को तो आप छोड ही आई थीं."

ऑफिसात मी होते, कारकून होता. बहनजी शांतपणे म्हणाल्या, "जी. इसीलिए लिख रही हूँ."

बाहेर आल्यावर त्यांनी मला पोह्यांच्या ठेल्यावर नेलं. उज्जैनात दुःखाची गोष्टसुद्धा पोहे खाताखाता सांगतात. अठरा वर्षांपूर्वी त्या कालियादेहला सहल घेऊन गेल्या होत्या. नदीतली कुंडं, पायऱ्या, वाहतं पाणी, बावन्न मुली. निघताना त्यांनी बसमध्ये डोकी मोजली. बावन्न. पुन्हा मोजली. बावन्न. बस शाळेपाशी आली तेव्हा एक अनोळखी मुलगी भोकाड पसरून रडायला लागली. तिथे सहलीला आलेल्या कुठल्याशा कुटुंबातली. बसमध्ये शेव वाटताना बघितली आणि चढून बसली.

"गिनती बरोबर होती सूनबाई. पोरगी दुसरी होती."

राहिली होती ती शकुंतला. त्याच बसने बहनजी परत गेल्या तेव्हा सूर्य कलला होता. शकुंतला कुंडाच्या पायरीवर एका माळिणीजवळ भुट्टा खात बसली होती. तिला काहीही झालं नव्हतं. "ती रडलीसुद्धा नाही गं. मला म्हणाली, 'बहनजी, मुझे लगा आपने गिन लिया होगा.'"

पोहे तसेच राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी विचारलं, म्हणून रोज तिचं नाव घेता?

"तेव्हापासून मी डोकी नाही मोजत. नाव घेते. आणि तिला त्या दिवशी हाक मारायची राहिली होती न, ती मारते."

त्या दिवसापासून मी त्यांची टवाळी करायची सोडली असं लिहायला मला आवडलं असतं. पण पुढच्याच रविवारी त्यांनी मला मिलच्या आवारात उकिडवं बसून चालायला लावलं.

मिलचा ताबा ज्या साहेबांकडे होता त्यांनी परवानगी दिली होती, पण फक्त मोकळ्या आवाराची. शेडना सील होतं. आवारात तरी काय कमी होतं? धुराड्याचा पाया, छप्पर उडालेला इंजिनाचा चौथरा आणि त्यावरचं माझ्या दुप्पट उंचीचं लोखंडी चाक, पाण्याचा हौद, कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे रूळ. बहनजींनी मला घेऊन उभ्याने आवाराच्या दोन फेऱ्या मारल्या, मग साडी खोचली आणि खाली बसल्या. पाचवीच्या मुलीच्या उंचीवरून सगळं बघायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्या बदकासारख्या पुढे आणि मी नवी साडी सावरत मागे. चौकीदार हसून हसून खोकायला लागला. मला इतका राग आला होता की विचारू नका. आणि तेवढ्यात चौथऱ्याच्या कोपऱ्यावरून बाहेर आलेली एक गंजकी तार बरोबर माझ्या डोळ्यांसमोर आली. उभ्याने आम्ही दोघी तिच्यावरून दोनदा निघून गेलो होतो. मी गप्प बसून पुढचं आवार उकिडवंच पाहिलं.

कडेला एक कडुलिंब होता. खाली सपाट जमीन, सावली आणि हिरवंगार गवत. बहनजी खूश झाल्या. वहीत त्यांनी तिथे चांदणी काढली आणि लिहिलं, 'डबे इथे.'

त्यांची पुढची पायरी म्हणजे उपद्व्यापांचा तास. आवाराचा नकाशा फळ्यावर काढायचा आणि मुलींना विचारायचं, इथे तुम्ही काय काय उद्योग कराल? सगळ्यात वाईट उद्योगाला संत्र्याची गोळी. वर्ग पेटला. "मैं तो चाक पे झूलूँगी!" "मैं हौद में पत्थर डालूँगी, फिर झाँकूँगी!" बहनजी प्रत्येक गोष्ट गंभीरपणे वहीत उतरवत होत्या. मीनाने हात वर केला नाही. विचारल्यावर म्हणाली, "मैं नीम के नीचे नहीं बैठूँगी."

"क्यों?"

"पिताजी कहते थे, वहाँ कभी मत जाना."

बहनजींनी खडू खाली ठेवला. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी मीनाबरोबर मिलच्या चाळीत गेलो.

मीनाचे वडील ओट्यावर गेंद्याच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा ओवत बसले होते. मिल बंद झाल्यापासून ते राम घाटावर फुलं विकायचे. आम्हाला बघून ते उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "तीन सौ बारह, बॉयलर."

"नंबर नहीं भैया, नाम," बहनजी म्हणाल्या.

"बाबूलाल."

कडुलिंबाचं विचारलं तसे ते हातातली सुई विसरले. तिथे बॉयलरच्या राखेचा खड्डा होता. वर्षानुवर्षं राख टाकून तो वरपर्यंत भरला होता. मिल बंद पडल्यावर त्याच्यावर गवत उगवलं. "ऊपर से जमीन दिखती है, बहनजी. नीचे पानी और राख. आदमी कमर तक जाए, बच्चा तो पूरा. घास सबसे हरी वहीं है, क्योंकि नीचे गीला है."

बहनजींनी चहाचा कप बाजूला सारला. त्यांनी वही उघडली आणि ती चांदणी इतकी खोडली की कागद फाटला. "नऊ पानं लिहिली मी," त्या मला मराठीत म्हणाल्या, "आणि हे त्याच्यात नव्हतं. मी पोरींना तिथेच बसवणार होते गं."

मला वाटलं, आता त्या सहलीचा नाद सोडतील. त्यांनी डोळे पुसले आणि बाबूलालना विचारलं, आणखी कुठे कुठे काय काय आहे?

मिल बंद पडल्यापासून त्या माणसाला त्याच्या कामातलं कोणी काही विचारलं नसावं. त्यांनी ओट्यावर कोळशाने अख्खं आवार काढलं. इथे हौदाची कड खचली आहे, इथे रुळाचा सांधा पाय अडकवतो, इथे अमक्याची बोटं गेली. प्रत्येक जागा कोणाला पाठ आहे तेही सांगितलं. मीना दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिचे 'कुछ नहीं करते' पिताजी एवढं बोलू शकतात हे तिलाही नवीन असावं. तासाभरात बहनजींकडे पाच धोक्याच्या जागा आणि पाच माणसांची नावं जमली. पाचवी जागा राखेच्या खड्ड्याची, आणि तिथलं नाव बाबूलाल.

"मैं नहीं आऊँगा," ते म्हणाले. "बाकी चारों से मैं बोल दूँगा. मैं अंदर पैर नहीं रखूँगा."

बहनजींनी आग्रह केला नाही. बाबूलालनीच आपणहून सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांची सकाळची पाळी होती. तीनला भोंगा वाजायचा, बदलीचा माणूस यायचा, मग घरी. त्या दिवशी भोंगा वाजला नाही. दुसऱ्या पाळीला फाटकाबाहेरच अडवलं होतं आणि आतल्यांना काहीच माहीत नव्हतं. बाकीचे निघून गेले. पण पेटता बॉयलर बदली आल्याशिवाय सोडायचा नसतो, म्हणून बाबूलाल तसेच थांबले. संध्याकाळी साहेबलोक आले, आग विझवली आणि दंडाला धरून त्यांना फाटकाबाहेर काढलं.

"बदली वाला आया ही नहीं, बहनजी. मेरी पाली तो अभी तक छूटी नहीं."

परत येताना बहनजींनी वहीत खड्ड्यासमोर 'बाबूलाल' असं लिहिलं. मी म्हटलं, अहो, ते नाही म्हणालेत.

"म्हणू दे. मी जागा रिकामी नाही सोडत. पण एक सांगते सूनबाई, त्या खड्ड्यावर त्याला ओळखणारा माणूस उभा नसेल, तर सहल नाही. तिथूनच परत."

सहलीच्या दिवशी चांगलीच थंडी होती. बडी मॅडम स्वतः फाटकावर शाल गुंडाळून हजर होत्या. परवानगी त्यांनी सही करून दिली होती, पण ती कुठल्याही क्षणी परत घेतील असा चेहरा होता. सेहेचाळीस मुली, एक लांब दोर, दोराला गाठी, एका गाठीला एक मुलगी. प्रत्येकीने फक्त आपल्या पुढचीकडे लक्ष ठेवायचं. माझ्या हातात बांबूला बांधलेला पिवळा झेंडा आणि त्यावर बहनजींनी रंगवलेला मासा. चार माणसं धुतलेले कपडे घालून वेळेवर आली होती आणि आपापल्या जागेवर जाऊन उभी होती. कडुलिंबाखाली कोणी नव्हतं.

बहनजींनी मुलींना फाटकाबाहेरच खाली बसवलं आणि घड्याळ बघितलं. "पंधरा मिनिटं."

दहा मिनिटं गेली. मुलींची चुळबुळ सुरू झाली. एवढी तयारी, एवढी ऊठबस, आणि आता इथून परत? मला राहवेना. "बहनजी, मी उभी राहते तिथे. दोरी बांधू."

"तुला माहीत आहे, तो खड्डा कुठून सुरू होतो?"

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. त्यांनी शिट्टी काढली आणि मुलींना उठवण्यासाठी तोंडाशी नेली. मी झेंडा गुंडाळायला घेतला. तेवढ्यात मीना दोर सोडून उभी राहिली. "पिताजी!"

बाबूलाल सायकलवरून येत होते. अंगात खाकी शर्ट, कडक इस्त्रीचा. कॅरिअरला फुलांची टोपली. त्यांनी सायकल टेकवली, टोपली आणि एक बांबू काढून घेतला. फाटकाच्या लोखंडी पट्टीला हात लावून तो कपाळाला लावला आणि आत गेले. हातातल्या बांबूने जमीन टोचत टोचत त्यांनी खड्ड्याची कड शोधली आणि त्या कडेने गेंद्याच्या माळा मांडत गेले. घाटावर विकायच्या त्या दिवसाच्या सगळ्या माळा. मग बांबू हातात धरून ताठ उभे राहिले. बहनजींनी शिट्टी वाजवली आणि आम्ही आत शिरलो.

नंतरचे दोन तास मी फार कमी बोलले, हे माझ्या बाबतीत नवल. ज्या ज्या जागी धोका होता, त्या त्या जागी तो धोका आयुष्यभर सांभाळलेला माणूस उभा होता, आणि तोच मुलींना मिल सांगत होता. हौदावरच्या म्हाताऱ्याने पाणी कुठून यायचं ते दाखवलं. रुळावरच्याने एक ट्रॉली हातभर ढकलून दाखवली तर मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याला काय करावं ते कळेना. कडुलिंबाशी बाबूलाल वाफेबद्दल बोलायला लागले. मी दरवर्षी तो धडा शिकवते. किटलीचं झाकण, उकळतं पाणी, वगैरे. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी किटलीपलीकडे कधी गेलेच नव्हते.

दोराच्या मागच्या गाठीवरून मीनाने बाकीच्या मुलींसारखा हात वर केला. "पिताजी, आग बुझाता कौन था?"

"कोई नहीं, बेटा. बुझने ही नहीं देते थे."

डबे आम्ही धुराड्यापाशी उन्हात बसून खाल्ले. बारा वाजता सगळ्या मुली फाटकाबाहेर आल्या आणि बहनजींनी वही उघडली. सेहेचाळीस नावं. प्रत्येक "उपस्थित" ऐकून, तो चेहरा बघून, मगच पुढचं नाव. मग माझं नाव. मग त्या चार माणसांची. ती माणसं दचकली, एकमेकांकडे बघून "हाँ जी" म्हणाली.

"बाबूलाल."

उत्तर आलं नाही.

"बाबूलाल!"

बहनजींचा चेहरा पांढरा पडला. तो चेहरा अठरा वर्षांपूर्वी त्या बसमध्ये कसा झाला असेल ते मला तेव्हा दिसलं. आम्ही फाटकातून आत पाहिलं. बाबूलाल कडुलिंबाशी होते तसेच ताठ उभे होते.

"भैया, चलिए! हो गया!"

"बदली नहीं आई, बहनजी," ते तिथूनच म्हणाले. ते हट्टाने बोलत नव्हते. आपल्यालाच नवल वाटावं असा आवाज होता. त्यांना खरोखरच पाय उचलता येत नव्हता.

चौघांनी माना खाली घातल्या. त्यांना कळलं होतं. एक जण पुढे व्हायला लागला, पण बहनजींनी त्याला हाताने थांबवलं. त्या मीनाजवळ गेल्या. "चलेगी?"

मीनाने मान डोलावली. बहनजी तिचा हात धरून, मघाशी बांबूने तपासलेल्या वाटेनेच, माळांपासून चार हात अलीकडे जाऊन थांबल्या. मीना दोन्ही पाय जुळवून उभी राहिली.

"पिताजी, मैं आ गई. अब आप जाओ."

बाबूलालनी तिच्याकडे बघितलं. मग बांबू तिच्या हातात दिला, दोन्ही तळवे शर्टाला पुसले आणि चालायला लागले. फाटकापर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. मीना बांबू धरून आपल्या बापाच्या जागेची राखण करत होती, आणि बहनजींनी मागून तिचा फ्रॉक मुठीत घट्ट पकडून ठेवला होता. मी रडत होते आणि ती मूठ बघून मला हसूही येत होतं. बाबूलाल बाहेर पडल्यावर बहनजी म्हणाल्या, "मीना, छुट्टी," आणि दोघी परत आल्या.

फाटकाशी येऊन त्यांनी पुन्हा वही उघडली. "बाबूलाल."

"उपस्थित," ते मुलींसारखंच म्हणाले, आणि सेहेचाळीस मुली फिदीफिदी हसल्या.

बडी मॅडम पुढे झाल्या. बहनजींच्या हातातून वही घेतली, उभ्याउभ्या सगळी पानं पाहिली, आणि म्हणाल्या, "इसकी एक कॉपी ऑफिस में रखवा दीजिए." पुढच्या वर्षी शाळेची सहल निघाली, त्याच्या पुढच्याही वर्षी निघाली. मी कायम झाले. मिल तुटली, धुराडंही गेलं. मीना आता स्वतः एका शाळेत शिकवते. मी अजूनही नव्या जागी गेले की आधी उकिडवी बसते. गुडघे कुरकुरतात, बरोबरच्या नव्या मॅडम तोंड लपवून हसतात. हसू देत.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. मुलींना घरोघर सोडून आम्ही दोघी पायी परतत होतो. बहनजी थकल्या होत्या, बूट हातात घेऊन मोज्यांवर चालत होत्या. मला एकदम आठवलं आणि धस्स झालं.

"बहनजी, आज हजेरीत शकुंतला राहिली. तुम्ही तिचं नावच घेतलं नाही."

त्या थांबल्या. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघितलं, मीच काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यासारखं.

"शकू? ती तर इंदौरला आहे गं, सासरी. दोन पोरं आहेत तिला." आणि पुन्हा चालायला लागल्या. "घरी पोचली ती. केव्हाची."